चौदा पूर्वज आणि बेपत्ता आई

त्या प्रकरणाची आठवण आली की अजूनही मी अस्वस्थ होतो. तपास चांगला झाला, वरिष्ठांनी पाठही थोपटली. पण पहिले तीन दिवस मी स्वतः वाया घालवले होते आणि ते कुठल्याही अहवालात आलेले नाहीत. म्हणून इथे लिहितो.

सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात गर्दी असते ती रविवारी निवांत बसलेल्या लोकांच्या भांडणांची. पार्किंग, पाण्याची टाकी, मेहुणा. त्या रांगेत शाळेत गणित शिकवणारे एक गृहस्थ हातात फाईल घेऊन उभे होते. महिन्यापूर्वी त्यांनी एका ब्रीडरकडून लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं होतं. ते आजारी पडलं, खाईना, आणि मुलीच्या बोटाला चावलं. विकणारा आता फोन उचलत नव्हता.

“ही फसवणूक आहे, साहेब,” ते म्हणाले.

“अहो, आजारी पिल्लू ही ग्राहक मंचाची बाब आहे,” मी म्हणालो.

त्यांनी फाईल शांतपणे बंद केली. “बरं. म्हणजे आपल्याकडे यायचं तर चावणारा माणूसच असावा लागतो.”

मी ठाणे अंमलदारांना स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितलं आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ते परत आले. सोबत त्यांच्या पिल्लावर उपचार करणारे पशुवैद्य होते. पिल्लू मंगळवारी मेलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवला होता. त्यांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. रेबीज.

“यांच्या मुलीला मी मंगळवारीच इंजेक्शनं सुरू करायला लावली,” डॉक्टर म्हणाले. “पण प्रश्न तिचा एकटीचा नाही. हे पिल्लू एकटं जन्मलेलं नाही. भावंडं कुठे आहेत?”

मग त्यांनी लसीकरणाचं कार्ड पुढे केलं. गुळगुळीत कागद, सोनेरी पंजा, सही, शिक्का. त्यावर रेबीजची लस दीड महिन्याच्या वयात दिल्याचं लिहिलं होतं.

“ही लस तीन महिन्यांचं झाल्यावर देतात,” डॉक्टर म्हणाले. “हे कार्ड डॉक्टरनं लिहिलेलंच नाही. पण घरातल्या माणसाला काय कळणार? पिल्लू चावलं तर तो कार्ड बघतो आणि निश्चिंत राहतो.”

गणिताचे शिक्षक खाली बघत म्हणाले, “मीही तेच केलं. दोन दिवस.”

रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की डॉक्टरांच्या हातात जवळपास काही उरत नाही, हे मला माहीत होतं. शहरात कुठेतरी काही घरांत ती भावंडं लोकांच्या मांडीवर खेळत होती आणि त्या प्रत्येक घरात असलंच एक कार्ड होतं. मी गुन्हा नोंदवून घेतला आणि आमच्या महिला हवालदार व दोन पंच घेऊन ब्रीडरच्या घरी गेलो.

उंच इमारतीतला प्रशस्त फ्लॅट. चाळिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याला ‘सर’. भिंतीवर सोनेरी चौकटीत कुत्र्यांची वंशावळ होती, तीन पिढ्या, एकूण चौदा पूर्वज. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवायला जरा वेळ लागतो. शेजारच्या कपाटात चषकांची रांग होती. एक जवळ जाऊन वाचला. सोसायटीचा क्रीडा महोत्सव, बुद्धिबळ, तृतीय क्रमांक. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर नव्हतं.

कुत्राही नव्हता. सोफा पांढराशुभ्र होता आणि त्यावर एक केस नव्हता.

“पिल्लांची आई कुठे आहे?”

“फार्महाऊसवर, सर. विश्रांतीला.”

“फार्महाऊस कुठे?”

“मित्राचं आहे, सर. तो परदेशात असतो.”

त्याला ठाण्यात आणलं. फोन जप्त केला, तर ग्राहकांशी झालेलं सगळं बोलणं पुसलेलं. नोंदवही नाही. “मी कुणाची माहिती ठेवत नाही सर, ग्राहकांची प्रायव्हसी,” हे तो असं म्हणाला की त्याचा सत्कारच करावा. उत्तरं तोंडपाठ होती आणि मला त्यांतलं खोटं पकडता येत नव्हतं. त्या विषयातलं मला काही कळतच नव्हतं. घड्याळात साडेबारा झाले होते.

ठाण्यातच थांबलेले डॉक्टर म्हणाले, “खडकीला एक बाई आहेत. मी माझी कुत्री त्यांच्याकडून घेतली. वीस मिनिटं द्या त्यांना.”

त्या बाई संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, कारकुनी नोकरी केलेल्या. दार अर्धवट उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पिल्लू हवंय?”

“नाही. तपासाला आलोय.”

“मग या. पोलिसांना मी पिल्लू देत नाही.”

“का?”

“घरी असता का तुम्ही कधी?”

मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी हात आडवा धरला. “थांबा. आधी तिला बघू दे तुम्हाला.” एक पोक्त लॅब्राडोर आली, माझे बूट सावकाश हुंगले आणि बाजूला झाली. मगच मला खुर्ची मिळाली. घरभर कुत्र्याचा वास होता. सोफ्यावर जुनी चादर होती आणि तिचा एक कोपरा कुरतडलेला.

मी घाईत सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही.

“आई दाखवली होती का त्या मास्तरांना?”

“व्हिडिओ दाखवला होता.”

“व्हिडिओत काय, माझ्याकडे वाघीण पण आहे. मास्तरांना त्यानं काय काय विचारलं?”

“काही नाही. पत्ता विचारला आणि पिल्लू पाठवून दिलं.”

“तिथंच कळतं. मी आधी लोकांच्या घरी जाऊन बघते. दिवसभर घरी कोण असतं, आधीचा कुत्रा कशानं गेला, सगळं विचारते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही. आणि सांभाळणं जमलं नाही तर परत माझ्याकडेच आणायचं, असं लिहून घेते. निम्मे लोक चिडून निघून जातात. जाऊ देत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्याला एकच विचारा. कुत्री व्याली तेव्हा काय झालं, ते सांग म्हणावं. ही व्याली तेव्हा मी आठ तास जमिनीवर बसून होते. असलं काही माणूस विसरत नाही.”

परत येऊन मी त्याच्यासमोर बसलो. शेजारी त्याच हवालदार बाई होत्या, दोन मुलांची आई.

“कुत्रीचं नाव?”

“क्वीन, सर.”

“व्याली तेव्हा तुम्ही जवळ होता?”

“अर्थात, सर. मी कधीच एकटं सोडत नाही.”

“पहिल्या पिल्लापासून शेवटच्या पिल्लापर्यंत किती वेळ लागला?”

तो पहिल्यांदाच अडखळला. “दहा... दहा मिनिटं.”

“आणि पिल्लं किती?”

“पाच, सर.”

हवालदार बाईंनी पेन खाली ठेवलं. “साहेब, दहा मिनिटांत पुण्यात रिक्षा मिळत नाही.”

कोणी हसलं नाही. मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, नुसता बघत राहिलो. खोटं बोलणाऱ्याला प्रश्नांचा आधार असतो, तो काढून घेतला की तो स्वतःच बोलू लागतो. पाच-सात मिनिटं गेली.

“माझ्याकडे कुत्री नाही, सर. कधीच नव्हती.”

पिल्लं हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमधून आणलेली होती.

“आणि त्यांची आई?”

“मेली. चावत सुटली होती म्हणे.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

त्यानं समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग टेबलाकडे बघून म्हणाला, “पिल्लं घरोघरी देण्याआधी.”

नोकरीत मी खुनाचे कबुलीजबाब ऐकले आहेत. त्या वाक्याने मला जेवढा घाम फुटला तेवढा त्यांनी फुटला नव्हता.

पण पत्ते त्याला खरोखरच आठवत नव्हते. घरं, माणसं, काहीच नाही. तेवढ्यात हवालदार बाई म्हणाल्या, “याच्या पार्किंगच्या जागेत गाडी नव्हती, साहेब. मग पिल्लं पोचवली कशी?”

ॲपवरून गाडी मागवून. बोलणं पुसताना त्याला प्रवासांची यादी पुसायचं सुचलं नव्हतं. पाच प्रवास निघाले. एक शिक्षकांचा. दोन हिंजवडीजवळच्या सोसायट्यांत, एक कोथरूडला. तिथे आम्ही पथकं पाठवली, पिल्लं वेगळी ठेवली, घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात नेलं. पाचवा प्रवास हडपसरच्या एका चौकात संपला होता. पुढे पत्ता नाही.

तिथे हवालदार बाईंना घेऊन मी स्वतः गेलो. दुपारचे साडेतीन. चौकात प्राण्यांच्या खाद्याचं एक दुकान होतं. दुकानदाराला नुकतंच लॅब्राडोरचं पिल्लू आणलेलं कोणी आठवतं का, एवढंच विचारलं.

“एक आजोबा हायेत की. रोज येत्यात, पिलाचं कौतुक सांगत बसत्यात. परवापास्नं दिसलं न्हाईत.”

मागच्या इमारतीत, चौथा मजला. दार आजोबांनीच उघडलं. पंच्याहत्तरीचे असतील. मुलगा आणि सून कामावर.

“पिल्लू झोपलंय,” ते म्हणाले. “सकाळपासून पाणी पीत नाही. उकाडा आहे हो.”

“कुणाला चावलं का?”

“छे छे.”

उकाड्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि एका बाहीचं बटण मनगटावर घट्ट लावलं होतं. हवालदार बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

“आजोबा, माझे वडीलही असंच खोटं बोलतात. दाखवा बघू.”

त्यांनी बटण काढलं. खाली रुमाल, रुमालाखाली हळद आणि हळदीखाली दातांच्या दोन खुणा. तीन दिवसांपूर्वीच्या.

“सुनेला सांगू नका,” ते पुटपुटले. “ती परत देऊन टाकेल. दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो. आणि लस टोचलीय की त्याला, कार्ड आहे माझ्याकडे.”

ते कार्ड आणायला उठले. मी त्यांना थांबवलं. अर्ध्या तासात ते रुग्णालयात होते. जखम धुऊन सीरम दिलं, इंजेक्शनं सुरू झाली. गाडीत त्यांनी एकच विचारलं, पिल्लू वाचेल का. मी नाही म्हणालो. पिल्लू शनिवारी गेलं.

हिंजवडीतलं एक पिल्लूही नंतर गेलं. माणूस एकही गेला नाही. त्याचं श्रेय डॉक्टरांचं, खडकीच्या बाईंचं आणि हवालदार बाईंचं. शेडवाला आणि ब्रीडर दोघांवर दोषारोपपत्र दाखल झालं.

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक पिल्लू घेण्याआधी मला फोन करतात. मी त्यांना सांगतो, भिंतीकडे बघू नका. नोंदणी विचारा, पण तिथे थांबू नका. पिल्लाची आई समोर आणायला सांगा आणि ती त्या माणसाकडे कशी बघते ते पाहा. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. आणि तो तुम्हाला काहीच न विचारता पिल्लू द्यायला तयार असेल, तर चहा न घेता उठा. मी आयुष्यभर कागद खरा की खोटा हे तपासत आलो. पण कागद इतका देखणा करायची गरज का पडली असावी, हे त्या गुरुवारपर्यंत मला कधी सुचलं नव्हतं.

शेवटचं इंजेक्शन झाल्यावर आजोबा ठाण्यात आले होते. पेढे घेऊन. सूनही सोबत होती. दुसरं पिल्लू आणायला तिनंच परवानगी दिली होती, त्यासाठी चांगलं माणूस सुचवा म्हणाली. मी खडकीचा पत्ता लिहून दिला आणि आजोबांना बजावलं, “बाई फार चौकशा करतात हं. तास-दीड तास सोडणार नाहीत.”

“करू देत की,” आजोबा म्हणाले. “मला दिवसभरात विचारतंय कोण?”

सुनेनं चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, “रविवारी मीही येते, बाबा.”