कोणत्या हवेस तयार?

एखादी गोष्ट तयार झाली हे पहिल्या फटक्यात मान्य केल्याचा प्रसंग आमच्या घरमालक मामांच्या आयुष्यात घडलेला नाही. इडली असो, भाडेकरू असो, नाहीतर आकाशातलं क्षेपणास्त्र जाळून पाडणारं लेझरचं शस्त्र असो, मामा आधी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेणार, त्या वस्तूभोवती एक चक्कर मारणार आणि विचारणार, "तयार? कोणत्या हवेस तयार?" इडलीला कसली आलीय हवा, असं मी एकदा त्यांना विचारून बसले. मग चेन्नईच्या घामट मे महिन्यात पीठ किती वेळात फुगतं आणि डिसेंबरातल्या मार्गळी महिन्याच्या गारव्यात किती, यावर अर्धा तास ऐकावं लागलं. तोवर इडल्या गार झाल्या होत्या.

मी सांगलीची. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा युनिटमध्ये डिझाइनच्या कामावर लागले आणि तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत मामांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मामा-मामी तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधी खाली उतरले ते त्यांनाही ठाऊक नाही. आपल्या 'झालं'ला ते 'होलं' म्हणतात, बोलण्याला तमिळचा हेल, आणि मधूनच एखादं क्रियापद असं येतं की कुणी जुनं दप्तर वाचून दाखवतंय असं वाटावं. मामांनी उभी हयात संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसून मामींची तपासणी करू लागले, तेव्हा मामींनीच त्यांना पुन्हा नोकरी शोधायला लावली. ती नोकरी नेमकी आमच्याच युनिटमध्ये निघाली. म्हणजे दिवसभर माझी ड्रॉइंग्ज नापास करणारा माणूस संध्याकाळी माझा घरमालक असायचा.

तपासणीवाल्यांची एक पद्धत असते. पास झालेल्या मालाला हिरवा टॅग, नापासाला लाल, आणि ज्याचं अजून ठरायचंय त्याला पिवळा. पिवळा टॅग लागलेला माल होल्डवर. तो वापरायचा नाही, फेकायचाही नाही, त्याच्यावर नजर ठेवायची. मामांनी ही पद्धत घरी आणली. त्यांच्या शर्टाच्या खिशात तिन्ही रंगांचे टॅग आणि सुतळीचा गुंडा कायम असतो, पण झिजतो तो पिवळ्यांचाच गठ्ठा. आवकाय लोणच्याची बरणी पिवळी, नवा मिक्सर पिवळा, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पट्टीसुद्धा पिवळी. मी राहायला आले तेव्हा माझ्या दाराच्या कडीला टॅग लटकत होता : 'भाडेकरू. परीक्षणाधीन.' मागच्या बाजूला बारीक अक्षरात शेरे होते, 'नळ टपकता ठेविला, एकवार', 'जिन्यावर चप्पल वाजते'. तीन आठवड्यांनी त्या जागी हिरवा आला. मामींनी त्या दिवशी केसरी, म्हणजे आपला शिरा, केली आणि माझ्या कानात सांगितलं की आमचं लग्न होऊन इतकी वर्षं होली, मला अजून हिरवा मिळाला नाही.

त्यांच्या वहीबद्दल सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. प्रत्येक चाचणीची नोंद मामा स्वतःच्या हाताने करतात. शेवटचा रकाना असतो 'कारण' आणि त्यात ते खोटं लिहीत नाहीत, स्वतःची अब्रू वाचवायलाही नाही. एकदा एका आरशाचं माप केसभर चुकलं. सगळे म्हणत होते, पंख्याचा वारा लागला असेल, तसं लिहून मोकळे व्हा. मामांनी लिहिलं, 'कारण : निरीक्षकास शिंक आली.' ती वही पुढे बाहेरच्या तपासनिसांनी पाहिली, आणि बरेच दिवस युनिटमध्ये कुणी शिंकलं की मागून आवाज यायचा, नोंद करा. मामा त्यावर हसले नाहीत. शिंक आली होती, ती लिहिली, यात हसण्यासारखं काय, हे त्यांना खरोखर कळलं नाही.

अशा माणसाच्या पुढ्यात लेझरचं काम आलं. जहाजावर बसवायच्या लेझर शस्त्राचा एक आरसा आणि तो घट्ट धरून ठेवणारं माउंट, एवढा भाग आमच्याकडे होता. माउंटचं ड्रॉइंग माझं. नोकरीतलं मी स्वतःचं म्हणावं असं ते पहिलं काम, त्यामुळे माझं पाऊल जमिनीवर नव्हतं. त्या सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. त्यात लेझर लागून एक ड्रोन हवेत धुमसत खाली येतं. तो पाहून आमच्या कँटीनमध्ये क्षेपणास्त्रांचा जमाना संपल्याचं जाहीर झालं होतं. मामांनी तो चष्मा लावून तीनदा पाहिला आणि म्हणाले, ऊन छान पडलं आहे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. भिंगाने कागद जाळायचा तर ठिपका एकाच जागी धरून ठेवावा लागतो. ड्रोन हळू असतं, जवळ असतं, बिचारं पातळ असतं, तिथे हे जमतं, आणि जमलेलं आहे. क्षेपणास्त्र म्हणजे कागद घेऊन कुणीतरी जीव खाऊन पळतोय, कागद जाड आहे आणि मध्ये इडलीपात्राची वाफ आहे. ती वाफ म्हणजे आपला समुद्र. खारट, ओलसर हवेत किरण पसरतो, थरथरतो, स्वतःच्या उष्णतेने आपलीच वाट वाकडी करून घेतो. शिवाय एका वेळी एकाच्याच मागे लागता येतं, दोन आले तर दुसऱ्याने थांबायचं का, असं ते विचारत. हे सगळं पुस्तकातलं झालं. मामांना ते चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर (केरळातलं कोवलम वेगळं) डोळ्यांनी पाहायचं होतं.

म्हणून कित्येक महिने दर रविवारी पहाटेच्या बसने ते कोवलमला जायचे. सोबत तिवई, माझं माउंट, आरसा आणि परीक्षणाचा साधा लाल किरण, शस्त्राचा नव्हे. वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीला चौकटी आखलेली पांढरी फळी बांधायची, दुसऱ्या टोकाला आपण बसायचं, आणि फळीवर ठिपका किती पसरतो, किती नाचतो ते दुर्बिणीतून पाहून लिहायचं. मधल्या वाळूत कुणी येऊ नये म्हणून दोरी बांधायची. तिथल्या कोळ्यांनी त्यांचं नाव वेळिच्चम तात्ता, म्हणजे उजेडवाले आजोबा, असं ठेवलं होतं. मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका दोरीला वळसा घालून जायच्या आणि जाताना आज उजेड कसा आहे म्हणून विचारायच्या. मामा त्यांनाही रकान्याप्रमाणे उत्तर द्यायचे.

या खटाटोपाला एक कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मामा-मामींची एकुलती एक मुलगी नौदलात अधिकारी आहे. तिचं जहाज अशा समुद्रात होतं जिथे व्यापारी बोटींवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुटत होती. मामी रोज कॉफीचा टंबलर पुढे ठेवताना विचारायच्या, "ते उजेडाचं तयार होलं का?" मामा म्हणायचे, होल्डवर आहे. मामी आत जायच्या. त्यांना शस्त्रातलं काही कळत नव्हतं, पण आपल्या नवऱ्याच्या हातून काहीतरी बनतंय आणि ते मुलीच्या जहाजावर जाऊन बसलं की झोप लागेल, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हातात द्यायच्या प्रमाणपत्रात एक ओळ होती, 'समुद्रावर क्षेपणास्त्रापासून संरक्षणासाठी सज्ज'. खाली तपासणी प्रमुख म्हणून मामांची सही लागणार होती. मामांनी माझ्या माउंटला हिरवा टॅग बांधला, आरशालाही बांधला आणि त्या कागदाला पिवळा. युनिटच्या मालकाने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने नम्रपणे विचारलं, सार, ड्रोन पडलं ना? मामा म्हणाले, पडलं. जवळचं, लहान, स्वच्छ हवेत. तेवढं लिहा, आत्ता हिरवा देतो. मालक म्हणाला की सगळं जग तयार आहे म्हणतंय, तुम्हीच एकटे का अडून बसलात?

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग तमिळमध्ये जे म्हणाले ते मी विसरलेले नाही. "तुम्ही ही ओळ लिहिलीत तर कुणीतरी वाचेल आणि म्हणेल, हे आहे ना, मग जुनी तोफ कशाला हवी, जुनं क्षेपणास्त्र कशाला हवं, जागा करा. त्या जहाजावर माझी मुलगी आहे. माझ्या सहीच्या भरवशावर ती उभी राहणार. तयार होईल, मी नाही म्हणत नाही. आज नाही."

कागद ओळीशिवाय गेला. पाहुण्यांनी चहा घेतला, बरं आहे म्हणाले आणि पुढचं काम लांबणीवर पडलं. मला मामांचा इतका राग आला की मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझं माउंट निर्दोष होतं, हे त्यांनीच लिहून दिलं होतं, आणि तरी ते कपाटात पडून राहणार होतं. एका संध्याकाळी जिन्याच्या कठड्याला पिवळा टॅग दिसला : 'संभाषण. होल्डवर.' मागे शेरा होता, 'माउंट उत्तम. हवा तुझे हाती नाही.' मी तो टॅग वाचला, पुन्हा होता तसा सोडला आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी बोलले.

त्यानंतर महिन्याभराने बातमी आली की त्या समुद्रात एका बोटीवर क्षेपणास्त्र आदळलं. कुठल्या बोटीवर, ते सांगत नव्हते. मुलीचा फोन लागत नव्हता. मी सुट्टी टाकून खाली बसून राहिले. दुपार झाली तरी चूल पेटली नव्हती. मामी देवापुढून उठून बाहेर आल्या आणि मामांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही हिरवा बांधिला असता, तर आज ते तिच्यापाशी असतं."

मामांनी सही केली असती तरी ती वस्तू त्या जहाजावर पोचायला कित्येक वर्षं लागली असती, हे मला ठाऊक होतं आणि मामांनाही. पण ते त्यांनी सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "असतं. आणि तिने त्यावर भरवसा ठेविला असता." मामी तिथेच जमिनीवर बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला मामा म्हातारे दिसले. खिशातली सुतळी काढून ते नुसतीच बोटाला गुंडाळत होते.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जहाज सुखरूप होतं. मुलीला बोलायला फार वेळ नव्हता. आधी आईशी बोलली, मग म्हणाली, अप्पांना द्या. मामांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यांना कानाशी धरलेलं ऐकू येत नाही.

"अप्पा, अजून पिवळाच का?"

"पिवळाच."

"सरी, ठीक आहे. तुमचं हिरवं येईतोवर आम्ही जुन्यावरच डोळा ठेवतो." आणि ती हसली. ते हसू ऐकून मामींनी पदर तोंडाला लावला. मामांनी फोन बंद झाल्यावरही बराच वेळ हातात धरला होता.

त्या रविवारी मामी म्हणाल्या, मीही कोवलमला येते. इतक्या महिन्यांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. आम्ही तिघं पहाटेच्या बसने गेलो. किनाऱ्यावर पाहतो तर मामांची नेहमीची होडी समुद्रात गेलेली, फळी बांधायला जागा नाही. मामा परत फिरायच्या बेतात होते. मामींनी त्यांच्या हातातून फळी घेतली, मी धरते म्हणाल्या आणि नऊवारीचा ओचा सावरत वाळूतून चालत दूर गेल्या. पाठ किरणाकडे, डोळे समुद्राकडे, दोन्ही हातांनी फळी डोक्यावर उंच धरलेली. तसंच उभं राहायचं, असं मामांनी त्यांना बजावून सांगितलं होतं.

मामांनी किरण सोडला. दुर्बिणीला डोळा लावला आणि लावूनच राहिले. मग ती माझ्याकडे दिली. लाल ठिपका फळीवर सारखा थरथरत होता, चौकटीच्या आत, बाहेर, पुन्हा आत. फळी हलत होती. फळीखाली मामींचे हात हलत होते, खांदेही हलत होते. बातमी आल्यापासून ती बाई एकदाही रडली नव्हती. ती आता समुद्राकडे तोंड करून रडत होती, आणि तिने फळी खाली घेतली नव्हती.

मामांनी वही उघडली. वेळ लिहिली, हवा लिहिली, ठिपक्याचं माप लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. एवढा वेळ त्यांना कारण लिहायला कधी लागलेला मी पाहिला नव्हता. मग त्यांनी लिहिलं, 'वारा', वही मिटली आणि मामींना हाक मारायला चालत गेले.

मी तिवईपाशी उभी होते. समुद्र सपाट होता, दोरीसुद्धा हलत नव्हती. त्या सकाळी कोवलमला वारा अजिबात नव्हता.