पटाचा बैल आणि कोपऱ्यातली मशीन

अन्याय माझ्यावर झाला. घाटंजीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी लाइट आल्याबरोबर. सायबर कॅफेत माझ्याच तीन मित्रांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि सांगितलं, "तू आता मॅनेजर नाही."

खेळ सायकल शर्यतीचा होता. त्यात पायडल मारायचं नसतं, टीम सांभाळायची असते. कोणाला किती सराव द्यायचा, कोणाला आराम, कोणाला कुठल्या शर्यतीत उतरवायचं. प्रत्येक गड्याचा थकवा आणि फॉर्म स्क्रीनवर दिसायचा. आमचा घाट चढणारा गडी मी उन्हाळ्यातल्या मोठ्या शर्यतीसाठी राखून ठेवला होता, म्हणून छोट्या शर्यतींत तो मागे पडला. माझा गुन्हा एवढाच.

"बसवून खाऊ घालून राह्यली त्याले," एक म्हणाला.

"जावई हाये का तो तुह्या घरचा?" दुसरा.

तिसरा म्हणाला, "पोरीच्या हातात टीम देली का असंच होते."

मी अशी भांडले की बाजारातली माणसं पिशव्या घेऊन दारात थांबली. शेवटी कॅफेवाले चाचा उठले. "बेटी, चिल्लावू नको. कोपऱ्यातली मशीन घे, वायर जोडून देतो. तू तुही टीम बनव, हे त्यायची चालवतीन. रेस एकच."

"हरली तर या कॅफेत पाय ठेवणार नाही," मी म्हटलं. "जिंकली तर खुर्ची माही."

घाट चढणारा त्यांच्याकडेच राहिला; माझ्या नव्या टीमच्या वाट्याला आला एक उतरत्या वयाचा गडी, कोणालाच नको असलेला. पण राळेगावचा माझा मामा शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी पाळायचा. पटाच्या आधी तो बैलांना नांगराला लावत नसे. हलकं फिरवणं, मालिश, मधेच एखादी जोरकस दौड, पुन्हा आराम. गाव हसायचं, मामा ऐकून घ्यायचा. पटाच्या दिवशी जोडी सुटली की हसणाऱ्यांच्या तोंडावर धूळ.

हे त्या तिघांनीही पाहिलं होतं. पटाला शिट्ट्या मारायला तेच पुढे! पण गडी रिकामा बसलेला दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. कामावर न जाणारा माणूस म्हणजे ऐतखाऊ, हेच आमच्या हाडात भिनलेलं. त्यांनी त्या घाट चढणाऱ्या गड्याला रोज जुंपलं. छोट्या शर्यती जिंकल्या, मला दाखवून दाखवून पेढे खाल्ले. मी माझा गडी मामाच्या बैलांसारखा सांभाळला.

मोठ्या शर्यतीच्या शेवटच्या घाटात त्यांच्या गड्याचा फॉर्म पार उतरला. तो मागे, मागे, आणखी मागे. माझा म्हातारा एकटाच वर निघाला.

"पळ ना बे!" ते स्क्रीनवर ओरडत होते.

"कायले पळीन तो?" मी ओरडले. "जीव कुठं ठेवला तुम्ही त्याच्यात?"

म्हाताऱ्यानं शर्यत मारली. दारातल्या लोकांनी खेळ न कळताही टाळ्या पिटल्या. चाचांनी खुर्ची आपल्या रुमालानं पुसली आणि मी बसले.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत, शेतकरी जीव देत होते तेव्हा, बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन यायचे आणि आमच्याकडे फक्त रडणं मागायचे. जिंकणं कोणी विचारलंच नाही. म्हणून मीच लिहिते आहे.

आता तुम्ही. तुमच्या घरात, तुमच्या संघटनेत जिला खुर्चीवरून उठवलंत, तिला परत बसवा. आजच. आणि मागे उभं राहून शिकवू नका.