फळीवरचे दोन ठोके

कप्तान हे काही त्याचं खरं पद नव्हतं. एक बोट, तीही दुसऱ्याच्या हातून उतरलेली, आणि तिच्यावर माणसं दोन, तो आणि त्याची बायको. एवढ्याला कोणी कप्तान म्हणतं का? पण धक्क्यावरच्या टवाळांनी थट्टेत नाव ठेवलं आणि या बाबाने ते मनावर घेतलं. तेव्हापासून चालायचा तोही छाती काढून.

धंदा मात्र साधा नव्हता. ज्यांना भर समुद्रात माणसाएवढा मासा धरायची हौस, पण काठी कुठल्या टोकाला धरायची याचा पत्ता नाही, अशा नवख्यांना तो शिकवायचा. सकाळी बोट खोल निळ्या पाण्यात न्यायची, मागे चार दोऱ्या सोडायच्या, कुठली फेसाजवळ, कुठली पार लांब. टोकाला रंगीत रबरी झालरीची आमिषं. मग त्यांना ओढत तासन्‌तास हिंडायचं आणि वाट बघायची. कंटाळलेल्या माणसाला तो सांगायचा, "माशाला तुमच्या घड्याळाशी काय देणंघेणं?"

पहिला धडा ठरलेला. "मासा लागला म्हणून बोट लगेच थांबवायची नाही. दोरी सैल पडली की तो गळ थुंकून मोकळा. पण फार पळवायचीही नाही, नाहीतर काठीवरचं दोरीचं रीळ रिकामं होऊन दोरी तुटते. वेग कधी उतरवायचा ते रीळ सांगतं. मासा लागला की ते किंचाळतं. सुकाणूच्या चाकावरच्या माणसाने डोळे पुढे ठेवायचे आणि कान मागे."

मागची बाजू बायकोची. मासा लागला की बाकीच्या दोऱ्या झटपट गुंडाळायच्या, नाहीतर सगळ्यांचा गुंता. हे ती करायचीच, पण त्याआधी फळीवर दोनदा धाडधाड पाय आपटायची. अंगाने भरलेली बाई, बोट हादरायची. कप्तानाचं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकांदेखत खेकसायचा, "अगं, मी काय बहिरा आहे? ऐकू येतंय मला रीळ!"

"अहो, आनंद झाला की आपटते पाय. तुमच्या पोटात का दुखतं?"

गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची. कप्तान तेवढा फुरंगटून वेग उतरवायचा, आणि तोही अगदी नेमका वेळेवर.

घरी टीव्ही एवढा मोठा लागायचा की शेजारीण भिंतीवर थाप मारायची. कप्तानाला ती थाप काही समजायची नाही. त्याची तक्रार वेगळीच. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणे. दुकानदार पुटपुटतो, जावई पुटपुटतो, टीव्हीवरचे तर सगळेच पुटपुटतात. धड बोलणारी काय ती एक बायको. बाही ओढून त्याला आपल्याकडे वळवायची, समोर उभी राहायची आणि मग बोलायची. कप्तान चारचौघांत कौतुकाने सांगायचा, "बोलावं तर हिच्यासारखं. एक शब्द वाया जात नाही."

मग तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. एवढी धडधाकट बाई, बघता बघता गेली.

कप्तान स्वयंपाकघरात बसून राहायला लागला. चहाचे दोन कप काढायचा आणि एक परत फळीवर ठेवायचा. जावई म्हणाला, बोट विकून टाका, आता कुणासाठी एवढा आटापिटा? कप्तानाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो मुलीला म्हणाला, "घरात भिंती खायला उठतात गं. बोट गेली तर मी कुठे जाऊ?"

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. लहानपणी आईच्या हाताखाली दोऱ्या गुंडाळायला शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, मी येते मागे उभी राहायला. एक फेरी करून बघू. जमलं तर बोट ठेवू. नाही जमलं तर मात्र हट्ट करायचा नाही." कप्तानाने मान हलवली. त्या एका फेरीवर त्याचं सगळं टांगलेलं होतं.

गिऱ्हाईक मिळालं ते एक निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर पायी हिंडलेला माणूस, बोटीत पाय ठेवताच हिरवापिवळा पडला. कप्तानाने त्याला पहिला धडा दिला, मोठा मासा खेचताना बांधायचा पट्टा त्याच्या कमरेला आवळला, आणि कितीतरी दिवसांनी चेष्टाही केली. "इथे पत्ता विचारायला कुणी नाही हं, काका." मुलीला बरं वाटलं. तिला वाटलं, जमेल.

ऊन चढलं आणि लांबच्या दोरीवर मासा लागला. पाणी फुटलं, निळी पाठ दिसली न दिसली, आणि रीळ किंचाळायला लागलं. पोस्टमनने काठी धरली. मुलगी बाकीच्या दोऱ्या गुंडाळायला धावली. बोट तशीच पुढे पळत होती.

"बाबा, लागला!" मुलगी ओरडली.

कप्तान समोरच्या पक्ष्यांकडे बघत होता. मजेत होता. आज बायको असती तर तिला दाखवलं असतं, एवढे पक्षी, असं काहीसं त्याच्या मनात चाललं होतं.

"बाबा! वेग उतरवा!"

काठीबरोबर ओढल्या जाणाऱ्या पोस्टमनला सोडून तिला हलता येईना. रिळावरची दोरी कमी होत गेली. शेवटी त्याला बाकाशी टेकवून ती धावली आणि बापाची बाही ओढली. तो वळला तेव्हा दोरी संपली होती. फट्‌ करून ती तुटली आणि काठी सरळ झाली.

कप्तानाने आधी बोट थांबवली. मग मागे आला. "रीळ वाजलं का नाही? बिघडलंय का?"

"माझंच काहीतरी चुकलं असेल," पोस्टमन म्हणाला. भला माणूस. मुलगी मात्र खोटं बोलू शकली नाही. ती आईसारखी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, वाजत होतं. खूप वेळ वाजत होतं."

कप्तानाने दुसरी काठी घेतली. रिळावरची दोरी हाताने खसाखसा ओढली. रीळ गरगर फिरताना दिसत होतं, बोटांना त्याची थरथर लागत होती. पोस्टमनने दचकून कानावर हात ठेवला. कप्तानाने रीळ आपल्या कानाला लावलं आणि पुन्हा ओढलं. काही नाही.

त्याने काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "पाय आपट."

"काय?"

"आई आपटायची तसा. दोनदा." आणि चाकाकडे जाऊन, पाठ फिरवून उभा राहिला.

मुलीने चपला काढल्या आणि सगळं बळ लावून दोनदा पाय आपटला. ते ठोके फळ्यांमधून त्याच्या तळव्यांत आले, गुडघ्यांपर्यंत चढले. रीळ फिरत नव्हतं, तरी त्याला ते ऐकू आलं. अगदी स्वच्छ, इतकी वर्षं यायचं तसंच.

कप्तान चाकाखाली मटकन बसला आणि रडला. परक्या माणसासमोर, लाज सोडून रडला. "चारचौघांत ओरडायचो गं तिच्यावर. आणि ती हसायची."

"मला नव्हतं माहीत, बाबा. मला वाटायचं, तिला आनंदच होतो."

"मलाही तेच वाटायचं."

बोट विकली नाही. मुलगी आता चाकावर असते आणि कप्तान मागे, बायकोच्या जागी. डोळे काठ्यांच्या शेंड्यांवर. मासा लागला की तो फळीवर दोनदा पाय आपटतो. मुलीचे कान तिखट आहेत, तिला रीळ आधीच ऐकू आलेलं असतं. तरी ती थांबते, आणि ठोके आले की मगच वेग उतरवते.

एकदा गिऱ्हाईक उतरून गेल्यावर कप्तान फळी धुता धुता म्हणाला, "मी पाय आपटतो, तू कधी रागवत नाहीस."

"कशाला रागवू?"

"एकदा तरी ओरड की माझ्यावर. मी काय बहिरी आहे, म्हण."

 मुलीने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली फळी पुसायला लागली.