उन्हापासून जपलेले डोळे

कांचघर वस्तीतल्या विनताला तान्हेपणी अंगणात आणलं की ती डोळे घट्ट मिटून आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरगी हट्टी आहे. दोन वर्षांची होईतो तिच्या गालांवर काळे ठिपके उमटले, डोळे सतत लाल राहू लागले. फॅक्टरीत फिटर असलेले तिचे वडील योगेंद्र तिला नागपूरला घेऊन गेले. तिथे कळलं की हा क्वचितच आढळणारा, जन्मापासूनचा आजार आहे. उन्हाने कातडीला आणि डोळ्यांना झालेली इजा तिचं शरीर भरून काढू शकत नाही. बरं करणारं औषध नाही. उन्हापासून जपायचं, एवढंच हाती होतं.

योगेंद्रनी घरातल्या सगळ्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावली. आई अंजनीने टोपीला तसाच पारदर्शक पडदा शिवला. तो घालून, पोरांचं चिडवणं सोसून विनता बी.ए. झाली आणि घरीच शिकवण्या घेऊ लागली.

तेविसाव्या वर्षी तिच्या उजव्या बुबुळाच्या कडेला गुलाबी मांस वाढलं. ती कर्करोगाची सुरुवात निघाली. डॉक्टरांनी ते पूर्ण काढलं, पण त्या डोळ्याची नजर अधू झाली. पाठोपाठ डावं बुबुळही पांढुरकं झालं. फळ्यावर स्वतः लिहिलेलं तिला वाचता येईना. शिकवण्या बंद पडल्या आणि ती घरात कुणाशी धड बोलेना. शेवटी डाव्या डोळ्यात दान मिळालेलं बुबुळ बसवलं. ते टिकेलच याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. पण टिकलं.

विनता डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला गेली असताना बाकावर शेजारी मझौली गावची शकु बसली होती. तिच्या कडेवरची वर्षाची रुचिरा खिडकीकडे तोंड वळवायला तयार नव्हती. विनताने विचारलं, उन्हात नेली की रडते का?

“रडते ना. काहून विचारून राहिल्या?”

विनताने काळा चष्मा आणि तोंडावरची ओढणी काढली. “मी पण अशीच होती. मी काही डॉक्टर नाही, पण हिला आजच चामडीच्या डॉक्टरला पण दाखवा.”

शकुने तो ठिपक्यांनी भरलेला चेहरा पाहिला आणि लेकीला घट्ट धरलं. मग तिने विचारलं, “ही जगेल ना दीदी?”

“मी जगून राहिली ना.”

तपासण्यांत तोच आजार निघाला, पण डोळे खराब व्हायच्या आत. रुचिरा आता चार वर्षांची आहे आणि तिची बुबुळं स्वच्छ आहेत. विनताच्या पापणीवरची एक गाठ गेल्या वर्षी काढावी लागली. पुढेही काढाव्या लागतील हे ती जाणून आहे. शिकवण्या मात्र पुन्हा भरल्या आहेत.

डोळे कोरडे पडू नयेत म्हणून औषध घालायची वेळ झाली की रुचिरा हटून बसते. मग शकु व्हिडिओ कॉल लावते. विनता आधी आपल्या डोळ्यांत थेंब टाकून दाखवते, तेव्हा कुठे रुचिरा मान वर करते.