पुस्तकावरची टरफलं

तुरीच्या ओल्या शेंगांचा वास आला की माझं डोकं फिरतं. बढतीच्या परीक्षेचा अभ्यास वाशीम-रिसोड बसमध्येच उरकायचा, असं एका हिवाळ्यात मी ठरवलं होतं. ऑफिस सुटल्यावर खिडकीची जागा धरून पुस्तक उघडलं, तर शेजारच्या नर्सबाईंनी उघड्या पानांवरच शेंगांचा ढीग ओतला. "कायले रिकाम्या बसल्या मॅडम? घरी जाऊन आमटी करा लागते मले." मी म्हटलं, "वाचतेय ना." "मंग वाचा ना, हात त मोकळेच हायेत." मी चिडून सोलत राहिले. रिठदला त्या दाणे घेऊन उतरल्या आणि टरफलं पुस्तकावर राहिली. मग हिवाळाभर रोज हेच चाललं. आजही त्याच बसने जाते. परीक्षा अजून राहिलीच आहे. शेंगा मात्र मी न बघता सोलते.