सतरा नंबरची पिशवी

रत्नमालाबाईंनी सरकारी पीकरोग प्रयोगशाळेत तेवीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही नमुना हरवला नव्हता. आल्याचं बेणं तपासायची त्यांची रीत साधी. कंद कापायचा, फोड गिलासातल्या स्वच्छ पाण्यात सोडायची आणि गप उभं राहायचं. पाण्यात दुधासारखी बारीक धार उतरली, की बेण्यात मर रोग आहे. असं बेणं एकदा मातीत गेलं की ते वावर कित्येक वर्षं आल्याला मुकतं, आणि त्या वावरातून वाहणारं पाणी शेजाऱ्यालाही घेऊन बुडतं.

मागच्या वर्षी वरून हुकूम आला, तपासण्या आता बाहेरची संस्था करणार. सूक्ष्मदर्शकांवर प्लास्टिक चढलं आणि बाईंच्या हाती चिकटपट्टी आली. नमुना पिशवीत भरायचा, नंबर टाकायचा, संस्थेच्या गाडीत द्यायचा. दोन दिवसांत कॉम्प्युटरवर अहवाल हजर! वरचे लोक खूश. खरं सांगायचं तर बाईही खूश, कारण उभं राहून दुखणारे गुडघे जरा निवले होते. एवढंच खटकायचं, की वर्षभरात एकही अहवाल वाईट आला नव्हता. रोगानं काय जिल्ह्याबाहेर बदली करून घेतली होती?

चैत्रात कारभारी नावाच्या बागायतदारानं आपल्या बेण्याचा नमुना आणून दिला. त्याच्याकडूनच बेणं घ्यायचं बाईंच्या धाकट्या भावाच्या, धम्मपालच्या मनात होतं. दौलताबादजवळ त्याचं एकच एकर, आणि आलं तो पहिल्यांदाच लावणार होता. "अक्का, तू सांगशील तवाच लावीन," असं म्हणून तो थांबला होता. मंगळवारी कारभारीच्या नमुन्याचा, सतरा नंबरचा, अहवाल आला, रोगमुक्त. बाईंनी तो भावाच्या मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "लाव बिनघोर."

शुक्रवारी त्यांनी फ्रिज धुवायला काढला. खालच्या कप्प्यामागं सरकून पडलेली एक पिशवी हाताला लागली. पुसून बघितली, तर नंबर सतरा.

आधी त्यांना नुसती लाज वाटली. तेवीस वर्षांत पहिला नमुना राहिला! माफी मागायला म्हणून संस्थेचा नंबर लावू लागल्या आणि बोट मध्येच थांबलं. पिशवी इथं, तर तिकडं त्यांनी तपासलं काय?

त्यांनी कंद कापला, पाण्यात धरला. दहा मिनिटंही लागली नाहीत. पांढरी धार सरळ खाली उतरली.

गिलास घेऊन त्या साहेबांपुढं उभ्या राहिल्या. सत्यमसाहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी गिलासाकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं.

"ताई, तपासायचा अधिकारच आता आपल्याला नाही. हे मी नोंदवू कुठं? अहवाल आलाय, फाईल बंद झालीय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि पिशवी राहिल्याचं कुणापाशी बोलू नका. संस्थेचं काही बिघडणार नाही. नोकरी तुमची जाईल."

बाई बाहेर आल्या. नोकरीची भीती त्यांना वाटली, चांगलीच वाटली. तरी व्हरांड्यात उभं राहून त्यांनी भावाला फोन लावला.

"अक्का! लागण झाली बघ कालच," धम्मपालचा आवाज आनंदानं फुलला होता. "सकाळपासनं पाणी सोडलंय."

"बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"का गं? खालच्या वावरात बी उतरलंय आता. त्या वावरवाल्यांनी बी हेच बेणं लावलंय की. शेजारच्या सरूबाईनं लावलं, समद्या शिवारानं लावलं."

"धम्मपाल, ते बेणं नासकं हाय रे. मी आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलं."

तिकडं मोटार बंद झाली.

"अक्का," तो म्हणाला, "कारभाऱ्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. मी समद्यांना तुझा निरोप दाखवला."