लेबलाला दोन सूत जागा

चाळीस वर्षं शिलाई मारली, पण चारचौघांत सांगावं असं काही घडलं नाही. मग सुनेने दुकानात लेबल आणलं आणि दिवसाआड एक किस्सा! अंगठ्याएवढी चिंधी ती. गाव हसतंय. मी नाही हसलो.

धानोऱ्यात आमचं दुकान. कापायचं अन् कॉलर लावायची मी, बाकी शर्ट सून कल्पना शिवते. गावात आता पोरांचे शर्ट कोणी शिवून घेत नाही, सगळ्यांना रेडिमेड लागतं. म्हणून ती नंदुरबारला एका शेठच्या दुकानात विचारून आली. शेठ म्हणाला, "शर्ट ठेवसू. पन मानेले लेबल पाह्यजे, नाव अन् साइजनं. लेबल नही तं माल नही!"

हे हुकलं असतं तर तिच्या मशीनवर चादर टाकायची वेळ होती.

*

लेबलं मोबाइलवर मागवली. छापणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, शिलाईत जायला कडेला किती जागा सोडू?"

कल्पना म्हणाली, "कोरी चिंधी काय करू? काठोकाठ छापा!"

त्याने छापलं. वर नाव, खाली साइज. वरची कड कॉलरखाली गेली, अर्धं नाव आत. खालची कड दुमडली, साइज गडप. मग वीस शर्ट पुन्हा टेपने मोजत बसलो. शेजारची जनाबाई दारातून म्हणाली, "ज्यास्नी शिवं, त्यास्लेच म्हाईत नही का?"

मी म्हटलं, "तू तुन्हं काम कर!"

*

दुसऱ्या वेळी सुनेने जागा सोडायला सांगितली. किती? दोन्हीकडे दोन-दोन बोटं!

दुमडलं तर मानेत गाठ. सुई मोडली. दुसरी सुई मोडली. न दुमडता लावलं तर पाठीवर लोंबतंय. जनाबाईच्या नातवाला घालून पाहिलं, तर पोरगं मागे हात फिरवत म्हणे, "आजी, माले शेपटी फुटनी!"

*

तिसऱ्या वेळी मीच बोललो. शिकलो नाही, पण सूत कळतं मला. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. चारी बाजूंनी दोन-दोन सूत कोरं सोड, एक दुमडायला, एक टाक्याला. कल्पनाने तसंच कळवलं. लेबलं आली, बरोबर आली.

ती दळण आणायला गेली. मी गठ्ठा हातात घेतला. प्रत्येकाला कडेने पांढरं. माझ्या हातात कात्री. जास्तीचं दिसलं की कापायचं, हाताची सवय! शंभरच्या शंभर छापाला लागून छान सरळ कापली.

कल्पना आली. "आप्पा, हाई काय करं तुम्ही?"

"साफ करं."

तिने कात्री माझ्या हातातून काढून घेतली.

*

चौथ्यांदा फोन करून कल्पनाने कात्रीचं सांगितलं, तर छापणारा म्हणाला, "जागा तीच ठेवतो मॅडम. पण आधी सांगा, कात्री कोणाकडे आहे?"

*

या वेळची लेबलं कल्पनाने मला दाखवलीच नाहीत. स्वतः लावली, या वेळी कॉलरच्या आतल्या बाजूलाच, चारी बाजूंनी, कोपरे आत घेऊन. आम्ही दोघं गठ्ठा घेऊन नंदुरबारला गेलो.

शेठने वरचा शर्ट उचलला. नाव वाचलं, साइज वाचली. मग म्हणाला, "दिसस तं चांगलं. पन गिऱ्हाइक वढस." आणि लेबल दोन बोटांत धरून असं ओढलं, की कल्पनाने डोळेच मिटले.

फर्रकन आवाज झाला.

शर्ट खाली पडला. शेठच्या हातात कॉलर, कॉलरवर लेबल. लेबलाचा एक टाका हलला नव्हता.

शेठने कॉलर उलटी-सुलटी केली. माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, लेबल कोन्ही लायं?"

"सूनबाईनी."

"अन् कॉलर?"

मी खाली पडलेला शर्ट उचलून घडी घालू लागलो.

"सगळा माल ठेवी ल्हेस," शेठ म्हणाला, "पन पह्यले सगळ्या कॉलरी तिलेच लाऊ द्या!"